अंथरुणापासून अंगणापर्यंत : लोणावळ्याचा धडा आणि मावळची गरज

पुण्याहून मुंबईकडे जाताना वडगाव मागे पडले की सह्याद्रीचे डोंगर जवळ येऊ लागतात. लोहगड आणि विसापूर हे किल्ले, कार्ले, भाजे व बेडसे येथील लेणी, इंद्रायणी आणि पवना या नद्यांची खोरी, आणि आंदर मावळ, नाणे मावळ व पवन मावळ या नावांनी ओळखला जाणारा भातशेतीचा मुलूख, असा हा मावळ तालुका होय. या मुलखातील माणूस पिढ्यान् पिढ्या आपल्या पायांवर जगत आला. चिखलात वाकून केलेली भाताची लावणी, डोंगरउतारावर वळलेली गुरे, डोक्यावरून आणलेला सरपणाचा भारा आणि बाजारासाठी तुडवलेली वाट हाच त्याचा व्यायाम होता. त्याला व्यायाम हे नाव मात्र कोणी दिले नव्हते.

अशा माणसाला एखाद्या पहाटे अर्धांगवायूचा झटका येतो, किंवा रस्त्यावरील अपघातात त्याच्या मांडीचे हाड मोडते, किंवा छातीत कळ येऊन त्याला तातडीने रुग्णालयात न्यावे लागते. वैद्यकशास्त्राच्या प्रगतीमुळे आज अशा रुग्णांपैकी पुष्कळांचा जीव वाचतो. दहा-पंधरा दिवसांनी गाडी दारात येते, शेजारीपाजारी जमतात आणि रुग्णाला आधार देऊन पडवीतल्या खाटेवर निजवले जाते. 'आता कशालाही हात लावायचा नाही, नुसते पडून राहायचे,' असे मुलगा प्रेमाने बजावतो. सून पाण्याचा तांब्या हातात देते, नातू चपला काढून ठेवतो. महिन्याभराने गोळ्या चालू असतात, भूकही लागत असते. पण माणूस खाटेवरून उठलेला नसतो. सहा महिन्यांनी तो उठू शकत नसतो.

हे चित्र कोणा एका घराचे नाही, म्हणूनच त्याचा विचार व्हावयास हवा. या घरात कोणीही हयगय केलेली नाही. औषधांचा खर्च झाला आहे, सेवा मनापासून झाली आहे. उणीव राहिली ती एकाच गोष्टीची. रुग्णालयाने जीव वाचविल्यानंतर उपचारांचा दुसरा अर्धा भाग सुरू होतो, आणि तो भाग हालचालीचा असतो, हे त्या घराला कोणी समजावून सांगितलेले नसते.

पुनर्वसन या शब्दाचा दुसरा अर्थ

मावळात 'पुनर्वसन' हा शब्द उच्चारला की पवना धरणाखाली जमिनी गेलेल्या शेतकऱ्यांची आठवण होते. शासकीय कागदपत्रांतही हा शब्द बहुधा त्याच अर्थाने येतो. ज्याचे घर व जमीन गेली त्याला नव्या ठिकाणी पुन्हा वसविणे म्हणजे पुनर्वसन. वैद्यकातील पुनर्वसनाचा अर्थ यापासून फारसा दूर नाही. आजाराने किंवा अपघाताने ज्याचे शरीर त्याला परके झाले, त्याला त्याच शरीरात, त्याच घरात आणि त्याच गावात पुन्हा वसविणे हे या शास्त्राचे कार्य होय. रोग बरा करणे हे एक काम आणि माणसाला पुन्हा उभे करणे हे दुसरे काम. पहिले काम बव्हंशी डॉक्टरांच्या हातात असते. दुसऱ्या कामात डॉक्टर, भौतिकोपचारतज्ज्ञ, कुटुंब आणि स्वतः रुग्ण अशा चौघांचा वाटा असतो.

या गरजेची व्याप्ती लहान नाही. २०१९ सालच्या आकडेवारीवर आधारलेल्या एका जागतिक अंदाजानुसार जगातील सुमारे २४० कोटी लोकांना पुनर्वसन-उपचारांचा लाभ होऊ शकेल अशी स्थिती आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये 'पुनर्वसन २०३०' हा उपक्रम हाती घेतला. पुनर्वसन ही अपंगांपुरती मर्यादित असलेली खास सेवा नसून ती सर्वसामान्य आरोग्यसेवेचाच भाग आहे, अशी भूमिका त्यामागे आहे. भारतातही या शास्त्राची पायाभरणी जुनी आहे. मुंबईत हाजीअली येथील अखिल भारतीय भौतिक वैद्यक व पुनर्वसन संस्था १९५५ पासून कार्य करीत आहे.

विश्रांतीची किंमत

आजाऱ्याने पडून राहावे ही समजूत केवळ खेड्यातील नव्हे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जगभरातील नामांकित डॉक्टरही हृदयविकाराच्या रुग्णाला कित्येक आठवडे अंथरुणावर निश्चल ठेवीत असत. १९५२ मध्ये अमेरिकेतील बोस्टन येथील लेव्हिन व लाउन या दोन डॉक्टरांनी अशा रुग्णांना लवकरच खुर्चीत बसविण्याचा पुरस्कार केला, तेव्हा तो अनेकांना धाडसाचा वाटला. पुढे मात्र हृदयरुग्णांच्या शुश्रूषेची दिशाच त्यामुळे बदलली. १९५३ मध्ये इंग्लंडमध्ये मॉरिस या डॉक्टरांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा जिन्यावरून सतत वर-खाली करणाऱ्या वाहकांत हृदयविकाराचे प्रमाण कमी आढळले. एकाच गाडीत, एकाच रस्त्यावर काम करणाऱ्या या दोन माणसांत मोठा फरक होता तो हालचालीचा.

पडून राहण्याने शरीराचे किती नुकसान होते, याचे मोजमाप अमेरिकेतील डॅलस येथे १९६६ मध्ये झाले. वीस वर्षे वयाच्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर ठेवण्यात आले. त्या अवधीत त्यांच्या शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता सुमारे एक चतुर्थांशाने घटली. तीस वर्षांनी याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली, तेव्हा तीस वर्षांच्या वयवाढीने झालेली घट त्या तीन आठवड्यांच्या घटीपेक्षा कमी भरली. धडधाकट तरुणांची ही कथा असेल, तर साठी उलटलेल्या आजारी माणसाची काय अवस्था होत असेल, याची कल्पना करता येईल. स्नायू झिजतात, सांधे आखडतात, हाडांतील चुना कमी होतो, पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो आणि पाठीला व माकडहाडाला जखमा होतात. यापैकी एकही गोष्ट मूळ रोगाने झालेली नसते. ती पडून राहण्याने ओढवलेली असते.

तथापि याच प्रयोगातील एक गोष्ट आशादायक आहे. नंतरच्या काही आठवड्यांच्या पद्धतशीर व्यायामाने त्या तरुणांनी गमावलेली क्षमता भरून काढली. शरीर जितक्या लवकर विसरते, तितक्याच निष्ठेने शिकविल्यास ते पुन्हा शिकते.

लोणावळ्याचा धडा

'व्यायाम करा' असे सांगणे सोपे आहे. कोणता, किती आणि कोणी, हे ठरविणे अवघड आहे. व्यायामाचा परिणाम मोजल्यावाचून तो रुग्णाला सांगू नये, हा विचार मावळच्या भूमीत शंभर वर्षांपूर्वी रुजला, ही गोष्ट येथील रहिवाशांनी अभिमानाने लक्षात ठेवण्यासारखी आहे.

जगन्नाथ गणेश गुणे यांचा जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी गुजरातेतील डभोई येथे झाला. बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाममंदिरात राजरत्न माणिकराव यांच्याकडे त्यांनी शारीरिक शिक्षणाचे धडे घेतले, तर नर्मदाकाठच्या मालसर येथील परमहंस माधवदासजी महाराजांकडे योगाची दीक्षा घेतली. खानदेशातील अमळनेर येथे त्यांनी काही वर्षे राष्ट्रीय शिक्षणाचे कार्य केले. ऑक्टोबर १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्यास कैवल्यधाम या संस्थेची स्थापना केली. स्वामी कुवलयानंद या नावाने ते सर्वपरिचित आहेत.

स्वामीजींचे वेगळेपण असे की, परंपरेने सांगितले म्हणून एखादी क्रिया लाभदायक मानावी, एवढ्यावर ते थांबले नाहीत. लोणावळ्यास येण्यापूर्वीच त्यांनी बडोद्यास उड्डियान व नौली या क्रियांच्या वेळी पोटात काय घडते, हे क्ष-किरणांच्या साहाय्याने तपासले होते. १९२४ मध्येच सुरू झालेल्या 'योगमीमांसा' या त्रैमासिकातून असे प्रयोग क्रमाने प्रसिद्ध होऊ लागले. शीर्षासन व सर्वांगासन करताना रक्तदाब किती बदलतो, प्राणायामात प्राणवायू किती शोषला जातो, आतड्यातील दाब कसा कमी होतो, याची मोजदाद तेथे होत असे. प्राणायामाने शरीराला भरमसाट जादा प्राणवायू मिळतो, ही लोकप्रिय समजूत प्रयोगांती टिकत नाही, हेही त्यांनी मोकळेपणाने नमूद केले. योगाचा पुरस्कर्ता असूनही जे मोजमापात उतरत नाही ते सोडून देण्याची ही वृत्ती आजही अनुकरणीय आहे.

मार्च १९२७ मध्ये दौऱ्यावर असताना महात्मा गांधींचा रक्तदाब वाढून प्रकृती एकाएकी ढासळली आणि त्यांना म्हैसूरकडील नंदी पर्वतावर विश्रांतीसाठी जावे लागले. त्या काळात गांधीजींनी स्वामी कुवलयानंदांशी पत्रव्यवहार करून आसनांविषयी सल्ला घेतला होता. अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठाशी संलग्न असलेल्या, उपचारात्मक व्यायामाच्या अभ्यासिका जोसेफिन रॅथबोन यांनीही लोणावळ्यास येऊन स्वामीजींचे कार्य पाहिले. १९५४ मध्ये अमेरिकेत क्रीडावैद्यकाची जी राष्ट्रीय संस्था स्थापन झाली, तिच्या संस्थापकांत त्यांचा समावेश होता.

कैवल्यधामात पुढे योगाचे महाविद्यालय आणि यौगिक रुग्णालय उभे राहिले. दमा, मधुमेह, संधिवात, पाठदुखी यांसारख्या दीर्घकालीन विकारांचे रुग्ण तेथे येऊ लागले. स्वामीजी व डॉ. विनेकर यांनी मिळून लिहिलेले यौगिक उपचारांवरील इंग्रजी पुस्तक केंद्रीय आरोग्य शिक्षण विभागाने १९६३ मध्ये प्रसिद्ध केले. १८ एप्रिल १९६६ रोजी स्वामीजींचे निधन झाले. त्यांच्या लिखाणात आसनांच्या लाभांइतकेच महत्त्व सावधगिरीच्या सूचनांना आहे. ज्यांचा रक्तदाब वाढलेला किंवा फार उतरलेला आहे, ज्यांचे कान वा डोळे दुबळे आहेत, त्यांनी डोके खाली करण्याची आसने आपल्या मनाने करू नयेत, असे त्यांनी बजावले आहे. व्यायाम हे औषध मानावयाचे तर औषधाप्रमाणेच त्याचे पथ्यही मानले पाहिजे, हाच लोणावळ्याचा धडा होय.

मात्रेचा प्रश्न

हा धडा आजच्या संशोधनाशी किती जुळतो, याची दोन उदाहरणे देता येतील.

पक्षाघाताच्या रुग्णाला लवकर उठवावे, हे आता सर्वमान्य आहे. मग जितके लवकर आणि जितके जास्त तितके चांगले, असे मानावे काय? पाच देशांतील २,१०४ रुग्णांवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. झटका आल्यापासून चोवीस तासांच्या आत सुरू करून वारंवार व दीर्घकाळ उठविलेल्या रुग्णांची तीन महिन्यांनंतरची स्थिती नेहमीच्या पद्धतीने उपचार घेतलेल्यांपेक्षा काहीशी कमी समाधानकारक आढळली. पुढील विश्लेषणातून असे सूचित झाले की, सुरुवातीच्या दिवसांत थोडा थोडा वेळ, पण अनेकदा केलेली हालचाल अधिक हितकर असते. तात्पर्य, हालचालीलाही मात्रा असते आणि पहिल्या दिवसांतील ती मात्रा रुग्णालयातील तज्ज्ञांनीच ठरवावी.

दुसरे उदाहरण आपल्या देशातील आहे. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या ३,९५९ रुग्णांवर भारतातील २४ रुग्णालयांत योगावर आधारित पुनर्वसनाचा प्रयोग झाला. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार मृत्यू किंवा पुन्हा झटका येणे यांत निर्विवाद म्हणता येईल एवढी घट दिसली नाही. परंतु योगाचा अभ्यास केलेल्या रुग्णांना आपले आरोग्य अधिक चांगले वाटले आणि झटक्यापूर्वीची दैनंदिन कामे ते अधिक प्रमाणात पुन्हा करू लागले. योग सर्व रोग हरण करतो असे म्हणणाऱ्यांना हा निष्कर्ष तोकडा वाटेल. पण जो शेतकरी झटक्यानंतर बांधापर्यंतही जाण्यास घाबरतो, तो पुन्हा शेतावर जाऊ लागला, तर पुनर्वसनाचा हेतू सफल झाला असेच म्हणावे लागेल.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये शारीरिक हालचालीविषयीच्या शिफारशी नव्याने प्रसिद्ध केल्या. प्रौढांनी आठवड्यातून १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी आणि किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारे व्यायाम करावेत, असे त्यांत सांगितले आहे. या वेळी प्रथमच अपंगत्व असलेल्या आणि दीर्घकालीन आजार असलेल्या व्यक्तींसाठी स्वतंत्र शिफारशी देण्यात आल्या. त्यांचा आशय असा की, या व्यक्तींनाही हालचालीचा तितकाच लाभ होतो, आणि सांगितलेले प्रमाण गाठता आले नाही तरी थोडी हालचाल ही मुळीच नसण्यापेक्षा बरी.

पुणे परिसरातील परंपरा

गंभीर अपंगत्व आलेल्या माणसालाही हालचालीतून नवे आयुष्य मिळू शकते, याची साक्ष मावळच्या शेजारीच, पुणे व खडकी येथे मिळते. युद्धात अवयव गमावलेल्या सैनिकांसाठी पुण्यात १९४४ मध्ये कृत्रिम अवयव केंद्र स्थापन झाले आणि पुढे नागरिकांनाही त्याचा लाभ मिळू लागला. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१७ मध्ये, मुंबईत सुरू झालेली क्वीन मेरी तंत्रशिक्षण संस्था नंतर खडकीस आली. जायबंदी सैनिकांना हातातील कसब देऊन स्वावलंबी करणे हे तिचे कार्य. मणक्याच्या दुखापतीने कमरेखालचे अंग लुळे पडलेल्या सैनिकांसाठी खडकी येथेच १९७४ मध्ये पुनर्वसन केंद्र उभे राहिले.

अशा रुग्णांच्या बाबतीत खेळ हा उपचाराचा भाग असावा, हा विचार इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात डॉ. लुडविग गुटमन यांनी १९४४ पासून रुजविला. २९ जुलै १९४८ रोजी तेथे चाकाच्या खुर्चीवरील १६ माजी सैनिकांच्या, त्यात स्त्रियाही होत्या, धनुर्विद्येच्या स्पर्धा झाल्या. त्यातूनच पुढे पॅरालिम्पिक क्रीडास्पर्धांचा उदय झाला. या स्पर्धांत भारताला पहिले वैयक्तिक सुवर्णपदक मिळवून देणारा खेळाडू महाराष्ट्राचाच आहे. सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूर येथील मुरलीकांत पेटकर हे सैन्यात असताना मुष्टियुद्ध खेळत. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून ते कायमचे जायबंदी झाले. उपचारांचा भाग म्हणून ते पाण्यात उतरले, आणि १९७२ मध्ये पश्चिम जर्मनीतील हायडलबर्ग येथे ५० मीटर मुक्त शैलीच्या पोहण्यात त्यांनी विश्वविक्रमासह सुवर्णपदक जिंकले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री देण्यात आली. प्रत्येक रुग्ण पदक जिंकणार नाही, हे उघड आहे. पण ज्या क्षणी रुग्ण 'माझ्याकडून काय होणार नाही' याऐवजी 'माझ्याकडून काय होईल' असे विचारू लागतो, तो क्षण प्रत्येक घरात येऊ शकतो.

घर हीच उपचारशाळा

रुग्णालय सोडताना डॉक्टरांना विचारावयाचे प्रश्न तीन आहेत. रुग्णाने कोणती हालचाल करावयाची? ती दिवसातून किती वेळा करावयाची? आणि कोणती मुळीच करावयाची नाही? उत्तरे कागदावर मराठीत लिहून घ्यावीत व तो कागद खाटेजवळ भिंतीवर लावावा. डॉक्टरांनी संमती दिल्यानंतर घरच्या घरी पुढील गोष्टी पाळता येतात.

पक्षाघाताच्या रुग्णाला उठवताना त्याचा लुळा हात कधीही ओढू नये, किंवा काखेत हात घालून त्याला उचलू नये. खांद्याचा सांधा निसटतो आणि मग तीच वेदना महिनोन् महिने पुरते. कमरेला पट्टा बांधून किंवा कमरेशी धरून आधार द्यावा. दुबळ्या हाताला काम द्यावे. तांदूळ निवडणे, शेंगा सोलणे, कणीक मळणे, फडके पिळणे ही घरातील कामे बोटांसाठी उत्तम व्यायाम आहेत. पाण्याचा तांब्या रुग्णाच्या हातात देण्याऐवजी त्याच्या हाताच्या अंतरावर ठेवावा. यात निष्ठुरपणा नाही. सेवेचाच तो अधिक डोळस प्रकार आहे.

हाड मोडून शस्त्रक्रिया झालेल्या किंवा गुडघे दुबळे झालेल्या वृद्धांसाठी पक्क्या खुर्चीवरून उठणे व पुन्हा सावकाश बसणे हा साधा व गुणकारी व्यायाम आहे. प्रारंभी हातांचा आधार घेऊन पाच वेळा, पुढे हळूहळू दहा वेळा करावा. हृदयरुग्णाने सपाट जागी चालण्यास आरंभ करावा. चालताना सोबत्याशी बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, एवढा वेग मध्यम श्रमाचा समजावा. छातीत दुखू लागले, श्वास लागला, भोवळ आली किंवा थंड घाम फुटला, तर तत्काळ थांबावे व वैद्यकीय मदत मागावी. दम्याच्या व फुफ्फुसाच्या रुग्णाने ओठ आवळून सावकाश श्वास सोडण्याची सवय करावी. कमरेखाली संवेदना नसलेल्या रुग्णाची कूस अंथरुणात दर दोन तासांनी बदलावी, आणि चाकाच्या खुर्चीत बसल्यावर त्याने थोड्या थोड्या वेळाने हातांवर भार देऊन शरीर उचलावे, म्हणजे जखमा टळतात. हाडे ठिसूळ झालेल्या वृद्धांनी पुढे वाकण्याची आसने तज्ज्ञांना विचारल्यावाचून करू नयेत.

मावळातील घरांच्या रचनेचाही विचार करावा लागेल. उंच उंबरठा, अंगणातील निसरडी फरशी, घरामागे दूर असलेला संडास आणि उकिडवे बसण्याची सवय या गोष्टी रुग्णाला खाटेशी बांधून ठेवतात. संडासात कमोडची खुर्ची, भिंतीला एक पक्का दांडा, पायरीऐवजी उतार एवढ्या सुधारणा गावच्या गवंड्याकडून होऊ शकतात. उताराचे प्रमाण एक फूट उंचीला बारा फूट लांबी असे धरावे.

पावसाचे चार महिने आणि गावाची जबाबदारी

लोणावळा व पश्चिम मावळात पाऊस धो धो कोसळतो. जून ते सप्टेंबर या काळात चिखल, शेवाळ आणि धुके यांमुळे धडधाकट माणसालाही बाहेर चालणे कठीण जाते. मग काठीच्या आधाराने चालणाऱ्याची गोष्टच नको. उन्हाळ्यात मोठ्या कष्टाने मिळविलेले बळ या चार महिन्यांत गमावले जाते. याच काळात घरातील सर्वजण लावणीच्या कामात गुंतलेले असतात आणि रुग्ण दिवसभर एकटा असतो. ही अडचण एका कुटुंबाने सोडविण्याजोगी नाही. येथे गावाने पुढे यावयास हवे.

प्रत्येक गावात छप्पर असलेली एखादी लांब जागा असतेच. शाळेची पडवी, समाजमंदिर, देवळाचा सभामंडप यांपैकी सोयीची जागा सकाळी एक तास रुग्णांना व वृद्धांना चालण्यासाठी मोकळी ठेवता येईल. एका भिंतीला कमरेइतक्या उंचीवर लोखंडी नळीचा कठडा बसविला आणि बसण्यासाठी चार खुर्च्या ठेवल्या, की गावाची उपचारशाळा तयार झाली. दिव्यांगांच्या कल्याणासाठी ग्रामपंचायतीने आपल्या स्वउत्पन्नातील पाच टक्के निधी खर्च करावा, असा शासनाचा आदेश आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नेही सार्वजनिक इमारती सुगम करण्याची जबाबदारी घातली आहे. पंचायत सदस्यांनी या निधीतून वस्तूंचे वाटप करून न थांबता उतार, कठडे व चालण्याची जागा या कायमच्या सोयींचाही आग्रह धरावा.

आशा कार्यकर्तीला गावात कोण रुग्णालयातून परत आले आहे, हे सर्वांत आधी कळते. बाळंतिणीच्या घरी ती जशी भेट देते, तशीच या रुग्णाच्या घरी पहिल्या आठवड्यातच भेट झाली, तर पुढील कित्येक महिन्यांची हानी टळेल. प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकाऱ्यांनी अशा रुग्णांची वेगळी नोंदवही ठेवावी. तीत औषधांबरोबर एक रकाना हालचालीचा असावा : रुग्ण कूस बदलतो काय, बसतो काय, उभा राहतो काय, अंगणात येतो काय. या चार प्रश्नांची उत्तरे महिन्यागणिक पुढे सरकली पाहिजेत. ती सरकत नसतील, तर रुग्णाला भौतिकोपचारतज्ज्ञाकडे पाठविण्याची वेळ झाली असे समजावे.

शिक्षकांचा वाटाही मोठा आहे. दरवर्षी २१ जून रोजी शाळाशाळांतून योगदिन साजरा होतो. मुले आसने करतात, छायाचित्रे निघतात. त्या दिवशी शिक्षकांनी मुलांना एक छोटे काम द्यावे. घरी आजोबा किंवा आजी खाटेवर असतील, तर त्यांना रोज दहा पावले चालवून आणावे आणि पावलांची नोंद वहीत करावी. मोजून नोंद ठेवण्याचे जे व्रत स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्याच्या प्रयोगशाळेत घेतले, तेच एका शाळकरी मुलाच्या वहीतून मावळच्या वाडीवस्तीवर पोहोचेल. दहा पावलांची बारा झाली, बाराची वीस झाली, हे त्या मुलाला जेवढा आनंद देईल, तेवढाच आजोबांना धीर देईल.

लेखाच्या प्रारंभी पडवीतल्या खाटेवर पडलेला जो माणूस आपण पाहिला, त्याच्यासाठी पहिले काही आठवडे सर्वांत मोलाचे आहेत. त्या काळात त्याला कोणी बसविले, उभे केले आणि उंबऱ्याबाहेर आणले, तर येत्या लावणीला तो कदाचित चिखलात उतरणार नाही. पण बांधावर उभा राहून रोपांच्या जुड्या मोजून देईल, गडीमाणसांना सूचना करील आणि दुपारी आपल्या पायांनी घरी परतेल. घरावरचा भार होण्याऐवजी तो घराचा आधार राहील. खाट आणि अंगण यांच्यातील अंतर फार तर वीस पावलांचे असते. ते ओलांडण्यास माणसाला साहाय्य करणे हे रुग्णालयाइतकेच घराचे, शाळेचे आणि पंचायतीचेही काम आहे.